वडाचे झाड आणि दादाची रंगपेटी
वयाची पासष्टी उलटल्यावर माणसाने नवे काय शिकावे, याविषयी आमच्या घरात एकमत नाही. सौभाग्यवतींच्या मते प्राणायाम. नातीच्या मते मोबाइलवरचे खेळ. मी मात्र गेल्या पाडव्याला एक रंगपेटी, दोन ब्रश आणि जाड कागदाची वही घेऊन रंकाळ्याच्या काठी जाऊन बसलो व समोरचा वड रंगविला. नातीने चित्र पाहिले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, “आजोबा, फ्लॉवरची भाजी छान काढलीय!”

जन्मभर शाळेत इतिहास शिकविलेला मी! अपमान झाला की ग्रंथालयाकडे धाव घ्यावयाची, ही जुनी खोड. माझ्याआधी कोणाकोणाच्या वडाचा फ्लॉवर झाला होता, हे शोधावयास निघालो आणि मोठी गंमत हाती लागली.

आपल्याकडचे जुने चित्रकार झाडे काढीत नव्हते, असे मुळीच नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर झाडे आहेत. लघुचित्रांत तर आंब्याचे पान न् पान मोजून घ्यावे असे काढलेले. पण ते झाड बहुधा कोणाच्या तरी सोबतीला उभे असते. त्याच्याखाली राधा असते, राजा असतो, निदान एखादा मोर तरी असतो. जागेवर बसून, समोरचे झाड, त्या घटकेच्या उजेडात काढावयाचे, ही शिस्त आपल्याकडे रुजली ती एकोणिसाव्या शतकात.

सर जमशेटजी जिजीभाई यांनी 1853 साली एक लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि 1857 साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. हेतू चित्रकार घडविण्याचा नव्हे, कुशल कारागीर घडविण्याचा होता. मुले प्लॅस्टरचे नमुने पुढे ठेवून रेषा घोटीत. 1865 साली जॉन ग्रिफिथ्स तेथे शिकवावयास आले. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेले आणि वर्षानुवर्षे तेथल्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्यातल्या कितीतरी नकला 1885 साली लंडनमधल्या आगीत जळाल्या. पण पाहून काढावयाची सवय काही जळली नाही.

योगायोग असा, की त्याच 1857 साली विलायतेत जॉन रस्किनने नवशिक्यांसाठी चित्रकलेचे एक पुस्तक लिहिले. त्यात तो विद्यार्थ्याला रस्त्यातला एक गोटा उचलून आणावयास सांगतो. गोट्याची गोलाई उजेड-सावलीत साधली, तर पुढचे सारे साधेल, असा त्याचा दावा! तसेच पाने झडलेले झाड घ्यावे आणि आभाळावर दिसणाऱ्या फांद्या नकाशातल्या नद्यांसारख्या बिनचूक उतरवाव्यात. आपल्याकडे सगळी झाडे एकदम उघडी होत नाहीत. पण माघ-फाल्गुनात पांगारा पहावा किंवा देवळामागचा चाफा. मी चाफा धरला. चार दिवसांत माझ्या एक ध्यानात आले, की फांदी फुटली की बारीक व्हावयास हवी. माझ्या झाडाच्या फांद्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीसारख्या सारख्याच जाड! लिओनार्दोने हे पाचशे वर्षांपूर्वी टिपून ठेवले होते: कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते.

एवढे शिकल्यावर मी वही घेऊन दादाकडे गेलो.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमच्या घरातला खरा चित्रकार तो. 1964 साली तो इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षा पास झाला आणि मुंबईच्या कलाशाळेत जाण्याचे त्याच्या मनाने घेतले. पुढच्याच वर्षी वडील गेले. दादाने रंगपेटी फळीवर ठेवली आणि कचेरीत कारकुनी धरली. मी शिकलो, मास्तर झालो, ते त्या कारकुनीवर. त्याने याबद्दल चकार शब्द कधी काढला नाही आणि मीही कधी विचारले नाही. आता काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे गेले आहेत. पाडव्याला मी जी रंगपेटी घेऊन बसलो ती त्याचीच. रंग तेवढे नवे भरलेले.

“काय काढलंस?” दादाने विचारले.

“वड.”

“पानं काढलीस की काय?”

“मग? वडाला पानं नकोत?”

“अरे, पानं मोजायची नसतात. डोळे बारीक कर. उजेडाचा एक गठ्ठा दिसेल, सावलीचा एक. ते दोन आधी मांड. मधून आभाळ दिसेल ती भोकं कोरी सोड. पक्ष्याला पलीकडे जाता आलं पाहिजे झाडातून.”

साठ वर्षे ब्रश न धरलेला माणूस हे बोलत होता.

“तुला हे कोणी शिकवलं?” मी विचारले.

“आबालालनं,” दादा हसून म्हणाला.

आबालाल रहिमान 1931 साली वारले, दादाच्या जन्माच्या कितीतरी आधी. पण कोल्हापूरच्या चित्रकाराने आबालालांना गुरू म्हणावे यात नवल नाही. ते मुंबईच्या कलाशाळेत शिकले, परत आले, शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ असल्या आपल्या रोजच्या जागा त्यांनी रंगविल्या. त्यातली किती चित्रे तर तळहातापेक्षा थोडीशीच मोठी. पण त्यात सकाळ कोणती आणि तिन्हीसांज कोणती, हे सांगावे लागत नाही. लहानपणी दादा ती चित्रे पाहावयास जाई आणि तासन् तास उभा राही.

सामान्य माणसाला मात्र रंगविलेले झाड भेटले ते नाटकात. नाटक मंडळ्यांचे जंगलाचे पडदे आठवा! आमच्याच कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर असले पडदे रंगवीत. तेच बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले आणि 1920 साली त्यांनी ‘सैरंध्री’ काढला.

मग दादा मला शिकवू लागला. जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. तो आधीच राखून ठेवावा लागतो. फिकटाकडून गडदाकडे जावे. उलट फिरता येत नाही. पेटीतला तयार हिरवा वापरू नये; निळ्यात पिवळा मिसळावा आणि वर विटकरीचा थेंब टाकावा, म्हणजे हिरव्याचा भडकपणा जातो. दूरचे डोंगर निळसर आणि फिके, कारण मध्ये हवा असते. मी लिहून घेई. पण त्याला माझी चित्रे दाखवावयाची कशी?

तोड इतिहासानेच काढली. जॉन कॉन्स्टेबल हा इंग्रज चित्रकार 1821 आणि 1822 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसते ढग रंगवीत असे आणि चित्रामागे तारीख, वेळ, वारा कोणत्या दिशेचा, हे लिहून ठेवी. मीही मागे लिहू लागलो. घरी आल्यावर दादाला चित्र न दाखविता त्याची पाठ वाचून दाखवतो.

परवा वाचले: “सकाळी साडेआठ. आभाळ स्वच्छ. ऊन डाव्या हाताने. वारा जवळजवळ नाही.”

दादा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बुंध्याची उजवी बाजू काळोखी. सावली उजवीकडे लांब पडली असणार, आणि पाण्याकडे उतरताना वाकली असणार. तशी काढलीस ना?”

मी वही उलटली. माझी सावली सरळ आणि डावीकडे गेली होती.

“नाही,” मी म्हणालो.

“मग उद्या पुन्हा जा,” दादा म्हणाला. “आणि जाताना मलाही ने. नुसता बसेन तुझ्याजवळ.”

या दिवाळीला आम्ही दोघे पाडव्याच्या सकाळी रंकाळ्यावर जाणार आहोत. खुर्च्या दोन घेतल्या आहेत. ब्रशही दोन आहेत.