शमामा : सकाळचा वास, रात्रीचा वास

बाबांची पत्र्याची ट्रंक गेल्या मे महिन्यात उघडली. बाबा जाऊन अकरा वर्षे झाली. पावसाळ्यापूर्वी सगळे कपडे एकदा उन्हात घालावेत म्हणून आईने ती माळ्यावरून खाली उतरवायला लावली. तळाशी त्यांचा काळा लोकरी कोट होता. कॉलर नाकाशी धरली. वास होता, पण ओळखीचा वाटेना. बाबांचा वास मला चांगला आठवतो. मी शाळेची पिशवी भरत असताना ते आरशासमोर उभे राहून अत्तराचा फाया कानात ठेवायचे, आणि वेलची-लवंगेचा एक झणका सगळ्या सोप्यावर पसरायचा. कोटात तो झणका नव्हता. जड, मातकट, किंचित गोडसर असे काहीतरी होते.

आईने कॉलर हुंगली आणि म्हणाली, "हे संध्याकाळचे. ऑफिसातून आल्यावरचे."

तिचे बरोबर होते. आम्हा मुलांना बाबा सकाळचे ठाऊक, तिला संध्याकाळचे. एकाच अत्तराचे आम्ही दोघे दोन टोकांचे साक्षीदार. त्यानंतर ह्या विषयाने मला धरले, आणि कारकुनाच्या सवयीने जे जे सापडेल ते वाचत गेलो.

बाबांचे ते अत्तर म्हणजे शमामा. त्यांचे मावसभाऊ नोकरीनिमित्त हैदराबादेत होते. चारमिनारच्या परिसरातून ते दर दोन वर्षांनी एक इवलीशी कुपी घेऊन यायचे. विकले हैदराबादेत जाई, पण मूळ घर उत्तर प्रदेशातले कनौज. शब्द अरबी. 'शम्म' म्हणजे हुंगणे, त्याच मुळातला. गुलाब, मोगरा, केवडा ही एकेका फुलाची अत्तरे. शमामा तसे नाही. ते मसाल्याचे अत्तर आहे, आणि प्रत्येक कारखानदाराची यादी त्याची त्याची, घराबाहेर न जाणारी. तरी नेहमीची नावे बघा : लवंग, वेलची, जायफळ, जायपत्री, केशर, जटामांसी, नागरमोथा, कापूरकाचरी, वाळा आणि चरीला. हा चरीला म्हणजे कोण, तर आपले दगडफूल! आपण शाकुतीच्या मसाल्यात भाजून घालतो तेच. नागरमोथा, वाळा हे चवथीनंतर दिवाळीला उटण्यात भेटणारे. म्हणजे शमामा काही परक्या मुलखातले नव्हे. अर्धे आपल्या मसाल्याच्या डब्यातले, अर्धे उटण्याच्या पुडीतले.

करण्याची रीत जुनीच आहे. तांब्याची मोठी देग, तिच्यात पाणी आणि माल, तोंड मातीने लिंपलेले, खाली लाकडाचा किंवा गोवऱ्यांचा जाळ. देगेतून बांबूचा चोंगा निघतो तो पाण्याच्या हौदात बसवलेल्या भपक्यात जातो. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते. वाफ तिथे थंड होते, वास तेलात शिरतो, पाणी खाली बसते. ते पाणी काढून टाकायचे, पुन्हा नवा माल, पुन्हा जाळ. शमामाच्या बाबतीत हे एका दिवसाचे काम नव्हे. एकाच तेलावर टप्प्याटप्प्याने वेगवेगळे जिन्नस चढवत अनेक दिवस जातात. ह्या सगळ्यात थर्मामीटर नाही. भपका किती तापला हे कारागीर हात लावून ठरवतो.

आता ते अंगावर लावल्यावर काय होते ते पाहू. अत्तर हा एक पदार्थ नव्हे, ती शेकडो पदार्थांची बैठक आहे, आणि बैठकीतून जो तो आपापल्या वेळेला उठून जातो. ज्याचे रेणू हलके, तो लवकर उडतो. वेलचीतला सिनिऑल हा निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक, तो पहिल्या पंधरावीस मिनिटांतच नाकात घुसून निघून जातो. लवंगेतला युजेनॉल त्याहून सावकाश. गुलाब घातला असेल तर त्याचा मऊपणा मधल्या तासांत. शेवटी उरतात ते जड गडी : चंदनातला सँटालॉल, वाळ्याची आणि नागरमोथ्याची माती, दगडफुलाचा ओलसर शेवाळी वास. हे दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाच्या बाहीलाही सापडतात. कोटाच्या लोकरीत अकरा वर्षे काढणारेही हेच.

पण नुसते एकामागून एक उठून जाणे असते तर गोष्ट सोपी होती. चंदनाचे तेल स्वतः सावकाश उडते आणि आपल्यात विरघळलेल्या हलक्या घटकांनाही धरून ठेवते. एकटी वेलची जितकी लवकर जाईल तितकी चंदनाच्या सोबतीत जात नाही. त्यातच कातडीचा तेलकटपणा, अंगाची ऊब, घाम. आमच्या गोव्याच्या मे महिन्यात सगळेच लवकर उडते, म्हणून बाबा शमामा फक्त थंडीत लावायचे. थंडी म्हणजे आमची पणजीची थंडी, तिला उत्तरेकडचे लोक हसतील. असो. स्पिरिटमधले सेंट फवारताच भपकन उठते, कारण स्पिरिट उडताना वरचे थर एकदम मोकळे करते. तेलातले अत्तर असे ओरडत नाही. ते जवळच्या माणसाशीच बोलते. आणि लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात त्याला सरावते. त्याला वाटते वास गेला, तो पुन्हा फाया फिरवतो, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस खिडकी उघडतो. हे मी आमच्याच कचेरीत पाहिले आहे.

युरोपात ह्या क्रमाची मोजदाद झाली ती फार उशिरा. सेप्टिमस पीस ह्या इंग्रज गंधकाराने एकोणिसाव्या शतकात वासांना संगीतातल्या सुरांची उपमा दिली, तीच पुढे रूढ झाली. विल्यम पाउचर ह्याने १९५५ साली शेकडो गंधद्रव्ये किती वेळ टिकतात ते पाहून त्यांना १ ते १०० असे क्रमांक दिले. शंभराच्या घरात बसलेल्या मंडळींत चंदन आहे, आणि ओकमॉस नावाचे युरोपातले दगडफूलही आहे. कनौजच्या कारागिराने हा तक्ता पाहिला नसेल, पण शमामाच्या तळाला त्याने नेमकी तीच द्रव्ये ठेवली आहेत.

मग आपल्या जुन्या गंधशास्त्रात काय होते? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीचे स्वतंत्र प्रकरण आहे. सोळा द्रव्यांतून चार चार घेऊन, त्यांची प्रमाणे बदलत, एकूण १,७४,७२० सुगंध होतात असा हिशेब तिथे आहे. सोळातून चार निवडण्याचे प्रकार १८२०. त्याला ९६ ने गुणले की हा आकडा येतो. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. पण हा विचार प्रमाणाचा आहे, वेळेचा नाही.

ह्याच परंपरेतला गंगाधराचा 'गंधसार' हा ग्रंथ आणि त्यासोबतचा 'गंधवाद' ह्यांची माहिती मराठी माणसाने तरी ठेवायला हवी, कारण गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे. अत्तराच्या कृतींचे स्पष्टीकरण, आणि तेही मराठीत! ती उजेडात आणली ती मूळच्या देवरुखच्या परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी. पुण्याच्या भांडारकर संस्थेत क्युरेटर असताना १९४०च्या दशकात त्यांनी हस्तलिखिताचा अभ्यास केला, आणि टीकेचा काळ साधारण १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. पुढे १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने दोन्ही ग्रंथ मराठी टीकेसह छापले. आपण संतांच्या ओव्यांचा अभिमान बाळगतो, बखरींचा बाळगतो. त्याच मराठीत कोणी तरी कस्तुरी आणि कापराची मापे समजावून सांगत होते, हे आपल्या शाळेत कोणी सांगितले नाही.

गंधसारात द्रव्यांची वर्गवारी पान, फूल, फळ, साल, लाकूड, मूळ, डिंक आणि प्राणिज अशी आहे. म्हणजे वस्तू कुठून आली त्यावरून. किती टिकते त्यावरून नव्हे. पण क्रियांची नावे बघा : भावना, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. बोध म्हणजे जागे करणे. तयार झालेला सुगंध शेवटी जागा करायचा, आणि वराहमिहिराकडे ते काम कस्तुरी आणि कापूर जोडीने करतात. मला ही जोडी फार बोलकी वाटते. कापूर हा उघड्यावर ठेवला तर हवेत विरून जाणारा. कस्तुरी दिवसेंदिवस न हलणारी. एक सर्वात आधी जाणारा आणि एक सर्वात शेवटी जाणारी. वेळेचे शास्त्र लिहिले नसेल, पण हाताला ते ठाऊक होते असे माझे मत आहे. (कस्तुरीमृगाला १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. आज कोणी खरी कस्तुरी म्हणून विकायला आला तर तो एक तर खोटे बोलतो किंवा गुन्हा करतो.)

ह्या विषयावर गोव्यातही लिहिले गेले. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली इथे आला, आणि त्याचा औषधी द्रव्यांवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अंबर, ऊद, चंदन, जटामांसी ही शमामाच्या कुळातली मंडळी त्यात आहेत. अंबर नेमके काय, ह्यावर त्याच्या काळी अनेक मते होती आणि त्याने ती मांडली आहेत. आज आपल्याला ठाऊक आहे की ते स्पर्म व्हेल माशाच्या आतड्यात तयार होते. ताजे असताना त्याला घाण येते. समुद्रात, उन्हात वर्षानुवर्षे तरंगल्यावर त्याचा सुगंध होतो. म्हणजे अंगावर लावण्याआधीच ज्याचा अर्धा प्रवास झालेला असतो असे हे द्रव्य. ऑर्ता स्वतः मूळचा ज्यू घराण्यातला. मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानने लावला असे सर्रास सांगतात. स्वतः जहांगिराने १६१४ सालच्या हकिगतीत श्रेय दिले आहे ते तिच्या आईला, अस्मत बेगमला. गुलाबपाणी गरम असताना ओतले की वर साय येते, ती तिने गोळा केली. नाव दिले सलीमा सुलतान बेगमने : इत्र-ए-जहांगिरी. मराठी दरबारातही पुढे अत्तर-गुलाब आणि विडा निरोपाच्या वेळी देत. मला नेहमी वाटते, त्यात एक सोय होती. दरबारात मिळालेले अत्तर उलगडायचे वाटेवर, आणि तळाचा थर पोचायचा घरच्या माणसांपर्यंत.

आता अलीकडचे. चंदनाचे तेल इतके महागले की कनौजमध्येही पुष्कळ ठिकाणी भपक्यात लिक्विड पॅराफिन आले. पॅराफिन वास धरते, पण त्याला स्वतःचा वास नाही. वरचे मजले उभे राहतात, तळमजलाच गायब. गेल्या डिसेंबरात मी एका दुकानातून शमामा आणले. सकाळी नऊला लावले तेव्हा अंगावर काटा आला. तोच बाबांचा झणका, तोच सोपा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नुसती लवंग राहिली होती आणि चार वाजता काहीच नव्हते. रात्री आईपुढे मनगट धरले. ती म्हणाली, "कसला वास? मला तर साबणाचा येतो."

दुसऱ्या खेपेला दुकानदाराला सरळ विचारले, चंदनावरचे आहे का. त्याने आतून दुसरी बाटली काढली, किंमत सांगितली, आणि माझ्या तोंडाकडे पाहून लगेच म्हणाला, "पाव तोळाही देतो." घेतले. ते लावून नऊ वाजल्यापासून दर दोन तासांनी कचेरीतल्या डायरीत नोंद करत गेलो. साहेबांनी विचारले तेव्हा आवक-जावक आहे असे सांगितले, आणि ते अगदीच खोटे नव्हते. रात्री साडेनऊला मनगट आणि कोटाची कॉलर शेजारी शेजारी ठेवून आईला बोलावले. तिने दोन्ही हुंगले, पुन्हा एकदा हुंगले, आणि कोट घडी घालून ट्रंकेत ठेवायला घेऊन गेली.