तिळातलं तेल: ऑस्टिनचे एक मास्तर आणि गोल्फ खेळणारी मुलं



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी आम्हाला फोन करून विचारलं, "सर, गोल्फच ना? ऐकण्यात काही चूक नाही ना झाली?" त्यांची शंका रास्त होती. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. गोल्फची स्टिक आम्ही आजवर एकदाही फिरवलेली नाही. पण गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी नातवाला गोल्फच्या सरावाला सोडायला जातो आणि कडेला झाडाखालच्या बाकावर बसून राहतो. तिथे बसल्याबसल्या जे दिसलं, त्यातून आजचं व्याख्यान तयार झालं.

काय दिसलं? सात-आठ वर्षांची पोरं चेंडू मारत असतात आणि मागे पालक उभे. एक वडील मुलाच्या प्रत्येक फटक्यानंतर तीन-तीन सूचना देतात. डोकं हलवू नकोस, कोपर वाकवू नकोस, चेंडूवरची नजर काढू नकोस. पाचव्या फटक्याला त्या पोराचा चेहरा बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा होतो. आम्ही त्या गृहस्थांना हसणार नाही. वर्गात आम्हीही पुष्कळ वर्षं तेच केलं. पण एक जुना प्रश्न मनात पुन्हा उभा राहिला. मुलातले सुप्त गुण "बाहेर काढायचे" असं आपण म्हणतो. ते आत असतात का? की शिकवणारा ते नव्यानं घडवतो?

आपल्याकडे हा वाद फार जुना आहे. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीपासूनच असतं. तिळात तेल आहे म्हणून ते निघतं, वाळूतून निघत नाही. याला सत्कार्यवाद म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, घट मातीत आधी नव्हता, कुंभारानं तो नव्यानं उत्पन्न केला. आपण पालक मंडळी बोलताना सांख्य असतो, वागताना नैयायिक. आणि वाळू रगडून तेल काढण्याची गोष्ट मुलांना ऐकवतो ती वेगळीच. वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या त्या श्लोकाचा रोख मूर्खाची समजूत घालणं किती अवघड, यावर आहे. आपण मात्र तो रगडण्याच्या समर्थनासाठी वापरतो. असो.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन या शहरात जाऊ. का, ते पुढे कळेलच.

तिथे 1904 साली हार्वी पेनिक यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी ते ऑस्टिन कंट्री क्लबमध्ये कॅडी म्हणून जाऊ लागले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या स्टिकांची पिशवी वाहणारा. नुसता हमाल नव्हे. वारा कुठला, उतार कुठे, कुठली स्टिक घ्यावी, हेही तोच सांगतो. 1923 मध्ये, विशी गाठण्याआधीच, पेनिक त्याच क्लबचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1971 पर्यंत राहिले. शिवाय 1931 ते 1963 अशी बत्तीस वर्षं टेक्सास विद्यापीठाच्या संघालाही त्यांनी शिकवलं. गाव बदललं नाही, क्लब बदलला नाही. आपल्याकडच्या एखाद्या तालमीतल्या वस्तादासारखा माणूस.

ते एका लाल वहीत टिपणं करत. जवळजवळ साठ वर्षं ती वही मुलाखेरीज कुणाला दाखवली नाही. अखेर म्हातारपणी बड श्रेक या लेखकाच्या मदतीनं 1992 मध्ये ती पुस्तकरूपात आली आणि अफाट खपली. त्याची एक गमतीची हकिकत सांगतात. प्रकाशकानं नव्वद हजार डॉलरचा आकडा कळवला, तेव्हा पेनिकना वाटलं की एवढे पैसे आपल्यालाच भरायचे आहेत, आणि ते काळजीत पडले!

या मास्तरांची शिकवण्याची रीत काय होती? पहिली गोष्ट, ते उलटीकडून सुरुवात करत. गोल्फमध्ये लांबून चेंडू मारत मारत शेवटी हिरवळीवरच्या छोट्या भोकात घालायचा असतो. सगळ्यांना आधी लांब मारायची हौस. पेनिक म्हणत, मुलानं आधी भोकाजवळचा खेळ शिकावा, मग हळूहळू मागे सरकावं. यात एक शहाणपण आहे बघा. भोकाजवळ लहान मुलाला ताकद लागत नाही, चेंडू आत पडतो आणि पडल्याचा आवाज येतो. खेळ कशासाठी आहे, हे त्याला पहिल्या दिवशीच कळतं.

दुसरी गोष्ट, थोडंच सांगायचं. त्यांचा दृष्टांत औषधाचा होता. डोकं दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिनची एक गोळी घ्यायला सांगितली, तर अख्खी बाटली घेऊ नये. तिसरी गोष्ट, "हे करू नकोस" असं ते शक्यतो म्हणत नसत. काय करायचं, तेवढंच सांगत. आणि पालकांना त्यांचा सल्ला सरळ होता. मुलाला आवड वाटेल तेव्हा सुरुवात करा, ढकलू नका, आणि शिकवणं शिकवणाऱ्यावर सोडा.

त्यांच्याकडे बेन क्रेनशॉ नावाचा आठेक वर्षांचा मुलगा आला. पेनिकनी एक स्टिक कापून त्याच्या उंचीची केली, धरायची कशी ते दाखवलं, आणि सुमारे 75 यार्डांवरच्या हिरवळीवर चेंडू मारायला सांगितलं. त्यानं मारला. "आता जाऊन तो भोकात घालू," मास्तर म्हणाले. त्यावर पोरानं विचारलं की भोकात घालायचा होता, तर आधीच का नाही सांगितलं? या पोराच्या हातात काहीतरी जन्मजात आहे, हे ओळखायला आणखी काय लागतं?

काही वर्षांनी दुसरा मुलगा आला, टॉम काइट. तेरा वर्षांचा, कुटुंबाबरोबर नव्यानं शहरात आलेला. हा कष्टाळू. तासन्‌तास सराव करायचा. आता एकाच मास्तरांचे हे दोन शिष्य. एक तीळ, दुसरा माती, असं म्हणा हवं तर. पेनिकनी काय केलं? काइटला सराव करू दिला. क्रेनशॉला मात्र फार सराव करू दिला नाही. जास्त घोटत बसला तर नको ते शोधून काढेल, अशी त्यांना भीती होती. आणि एकाला शिकवताना दुसऱ्याला पाहू दिलं नाही. एकाचं औषध दुसऱ्यानं घेऊ नये म्हणून.

1972 मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत हे दोघे संयुक्त विजेते ठरले. पुढे क्रेनशॉनं 1984 मध्ये मास्टर्स जिंकली, काइटनं 1992 मध्ये यूएस ओपन. दोन वाटा, मुक्काम एकाच उंचीचा. म्हणजे सांख्य की नैयायिक, हा वाद मास्तरांनी सोडवला नाही, तो ओलांडला. समोरचं मूल कोण आहे, हे आधी बघितलं.

इथे थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण इतिहास सांगायचा तर अर्धा सांगून चालत नाही.

त्याच ऑस्टिन शहरात 1924 मध्ये सुरू झालेलं एक सार्वजनिक मैदान आहे, लायन्स म्युनिसिपल. लोक त्याला प्रेमानं "म्युनी" म्हणतात. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना अशा मैदानावर खेळता येत नसे. पिशव्या वाहायला मात्र ती मुलं चालत. 1950-51 च्या सुमारास दोन कृष्णवर्णीय मुलं, कॅडी म्हणून काम करणारी, सरळ मैदानात शिरली आणि खेळू लागली. खबर नगरपालिकेपर्यंत गेली. पोलिसांना बोलवायचं का? महापौर आणि नगरसेवकांनी ठरवलं, खेळू द्या. ना मोर्चा, ना निकालपत्र. पण दक्षिणेत वर्णभेदाविना खुल्या झालेल्या अगदी पहिल्या सार्वजनिक गोल्फ मैदानांत म्युनीची गणना होते. 2016 मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आलं.

पण एक दार उघडलं म्हणून सगळी उघडत नाहीत. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या घटनेत सदस्यत्व फक्त गोऱ्यांसाठी राखणारं कलम होतं. ते 1961 मध्ये निघालं. मास्टर्स स्पर्धेत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला 1975 मध्ये. आता विचार करा. त्या दोन मुलांत तेल किती होतं? कुणी पाहिलंच नाही, तर सांगणार कसं? तीळ कोठीतच राहिले. सुप्त गुणांवर बोलताना आपण शिकवण्याच्या पद्धतीवर खूप बोलतो. त्याआधीची पायरी, मुलाला आत येऊ देण्याची, आपण धरूनच चालतो.

या दोन्ही गोष्टी एका क्षणी एकत्र येतात, म्हणून ऑस्टिन निवडलं. मार्च 1995. नव्वदीचे पेनिक अंथरुणाला खिळलेले. त्रेचाळीस वर्षांचा क्रेनशॉ भेटायला आला. मास्तरांनी पडल्यापडल्या त्याच्याकडून चेंडू हलका ढकलायचा सराव करून घेतला. तो शेवटचा धडा. 2 एप्रिलला मास्तर गेले. काइट आणि क्रेनशॉ मास्टर्ससाठी जॉर्जिया राज्यात ऑगस्टाला होते. 5 तारखेला दोघे ऑस्टिनला आले, मास्तरांना खांदा दिला आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली आणि 9 एप्रिलला क्रेनशॉनं ती एका फटक्यानं जिंकली. शेवटचा चेंडू आत पडला तसा तो वाकला आणि रडू लागला. मागून एका उंच माणसानं येऊन त्याला सावरलं.

तो माणूस कोण? त्याचा कॅडी कार्ल जॅक्सन. कृष्णवर्णीय. ऑगस्टातच वाढलेला. 1961 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो मास्टर्समध्ये पहिल्यांदा पिशवी घेऊन चालला. 1982 पर्यंत त्या स्पर्धेत क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते बहुतेक सगळे कृष्णवर्णीय असत. क्लबनं पहिला कृष्णवर्णीय सदस्य घेतला 1990 मध्ये. 1995 च्या त्या आठवड्यात क्रेनशॉचा फटका बिघडला होता. जॅक्सननं दोनच गोष्टी सांगितल्या. चेंडू उभं राहताना थोडा मागे ठेव, आणि खांदे जरा घट्ट वळव. बस्स. अ‍ॅस्पिरिनची एक गोळी! पेनिक गेले त्या आठवड्यात पेनिकच्या रीतीनं शिकवणारा माणूस पिशवी वाहत बरोबर चालला होता.

जॅक्सन हरलेला माणूस नव्हे, आम्हाला त्याची कीव करायची नाही. पण चौदा वर्षांच्या त्या मुलाला कुणी विचारलं का, तुला खेळायचंय का?

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा अली शेर कॅडींमधूनच वर आला होता. म्हणजे पिशवी वाहणाऱ्या मुलांत काय असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या बाकासमोर रविवारी दोन-तीन पोरं मारलेले चेंडू टोपलीत गोळा करत असतात. वय नातवाएवढंच नसेल, पण फार मोठंही नाही. काम संपल्यावर एखादा मोडकी स्टिक घेऊन हवेत फिरवतो. आणि खरं सांगू? त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो सूचना ऐकणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर नसतो.

आनंद हे गुण फुलल्यानंतर मिळणारं बक्षीस आहे, असं आपण समजतो. पेनिकच्या वहीतून आम्ही उलटं शिकलो. आनंद ही खूण आहे. घाणा नीट फिरतोय की नाही, हे त्यावरून कळतं. एका मुलाच्या चेहऱ्यावरची ती खूण आपण जास्त शिकवून पुसतो. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर ती असते, पण आपण तिकडे बघत नाही.

क्रेनशॉ लहानपणी म्युनीवर खेळला होता. ती जमीन विद्यापीठाची आहे, मैदान राहणार की जाणार हा वाद बरीच वर्षं चालला आहे, आणि ते राहावं म्हणून तो जाहीरपणे बोलत आला आहे. मास्तरांचं ऋण फेडण्याची हीही एक रीत असावी.

गेल्या रविवारी आम्ही नातवाला घरी जाताना नेहमीचा प्रश्न विचारला नाही. किती फटके झाले, हे विचारलं नाही. आज मजा आली का, एवढंच विचारलं. तो जरा बावचळला. मग म्हणाला, "आबा, तो चेंडू गोळा करणारा दादा आहे ना, त्यानं मला एक गोष्ट दाखवली."

पुढच्या रविवारी त्या दादाला भेटून विचारायचं आहे. प्रश्न काय, तो तुम्हाला कळलाच असेल.