'बॉम्बे रक्तगट' : शोधाचा इतिहास आणि पालघर-बोईसर परिसर

प्रस्तावना :
कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. पुढे 'ओ' गटाचे रक्त कोणासही चालते, ही समजूत रूढ झाली. या समजुतीची मर्यादा मुंबईत स्पष्ट झाली. प्रस्तुत लेखात त्या शोधाचा आढावा घेऊन पालघर जिल्ह्याच्या संदर्भात त्याचे महत्त्व मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

शोध व कारणमीमांसा :
डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात हा गट प्रथम नोंदविला. 'ए' व 'बी' हे प्रतिजन 'एच' या पायाभूत घटकापासून तयार होतात. 'ओ' गटाच्या पेशींवर 'एच' विपुल असतो. बॉम्बे गटात तो नसतोच. शिवाय त्या व्यक्तीच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिद्रव्ये असतात. त्यामुळे तिला 'ओ' रक्तही घातक ठरते. केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते.

स्थानिक संदर्भ :
भारतात या गटाचे प्रमाण साधारणतः दहा हजारांत एक मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ३० लाख होती. या हिशोबाने येथे अशा तीनशेच्या आसपास व्यक्ती असू शकतात. अर्थात हा केवळ ढोबळ अंदाज होय. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरची औद्योगिक वसाहत विस्तारली आणि अनेक प्रांतांतील कामगार येथे स्थिरावले. अपघातग्रस्त कामगाराच्या ओळखपत्रावर 'ओ' लिहिलेले असले, तरी ती नोंद केवळ पेशींच्या चाचणीवर आधारलेली असू शकते. बॉम्बे गट त्या चाचणीत 'ओ' सारखाच दिसतो. रक्तद्रवाची 'ओ' पेशींसह तपासणी व रक्त जुळवणी केल्यावरच भेद उघड होतो.

निष्कर्ष :
नोंदीपेक्षा जुळवणी श्रेष्ठ, हाच या इतिहासाचा धडा होय. हा गुण अप्रभावी असल्याने रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची तपासणी प्रथम करावी. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरांनी पूर्ण गटनिश्चितीचा आग्रह धरल्यास असे दुर्मीळ रक्तदाते संकट येण्यापूर्वीच सापडतील.