एका नेत्रवैद्याचा निरोप

इतिहासाची साधने म्हटली की डोळ्यांपुढे बखरी येतात, ताम्रपट येतात, रुमालात बांधलेली दप्तरे येतात. आपल्या काळाचे एक अस्सल साधन म्हणजे एका नेत्रवैद्याने मोबाइलवर लिहिलेल्या चार ओळी, असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. म्हणून ती हकीगतच सांगतो.

चीनमधील वुहान शहराच्या मध्यवर्ती रुग्णालयात ली वेन्लियांग हे तरुण डॉक्टर डोळ्यांचे रोगी पाहत. ३० डिसेंबर २०१९ रोजी तेथील तातडीच्या विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांच्या हाती एका रुग्णाचा तपासणी-अहवाल आला. त्यातील ‘सार्स’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढून त्यांनी तो एका जुन्या वर्गमित्राकडे धाडला. हातोहाती तो ली यांच्यापर्यंत आला. त्या संध्याकाळी ली यांनी ‘वुईचॅट’वरच्या आपल्या वर्गमित्रांच्या कट्ट्यावर लिहिले, की मासळीबाजारातील सात जणांना सार्स झाला आहे. मागाहून खुलासाही केला: विषाणू त्याच कुळातला आहे, नेमका कोणता ते ठरायचे आहे, घरच्यांना जपायला सांगा, पण बाहेर बोलू नका.

‘बाहेर बोलू नका’ म्हणून सांगितलेली गोष्ट किती वेळ घरात राहते, हे का आपणांस सांगायला हवे? पाहता पाहता त्या ओळी ली यांच्या नावासकट गावभर झाल्या. ३ जानेवारीला त्यांना पोलीसचौकीवर बोलावणे आले. खोटे पसरवून शांतता बिघडवली, असा ठपका होता. कागदावर दोन प्रश्न होते: हे थांबवणे जमेल काय? समजले काय? त्याखाली ‘जमेल’, ‘समजले’ असे लिहून त्यांनी अंगठा उठवला आणि ते पुन्हा कामाला लागले.

अफवा आणि इशारा यांतला भेद ओळखणे खरोखर अवघड आहे काय? अफवा आपली चूक कधी दुरुस्त करीत नाही. ली यांनी ती त्याच संध्याकाळी केली होती.

डोळा तपासायचा तर वैद्याला रोग्याच्या तोंडाजवळ तोंड न्यावे लागते. ८ जानेवारीला ली यांनी काचबिंदूच्या एका वृद्ध बाईंना तपासले. त्या दिवशी बाईंना ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी आला. १० तारखेला ली खोकू लागले, १२ तारखेला रुग्णालयात दाखल झाले. ३१ जानेवारीला अंथरुणावरूनच त्यांनी चौकीतला तो कागद ‘वेइबो’ या सार्वजनिक माध्यमावर सर्वांपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी, आपल्याला करोनाच झाल्याचे निश्चित झाले, एवढे लिहिले. तेच त्यांचे शेवटचे लिखाण. ७ फेब्रुवारी २०२० च्या पहाटे, वयाच्या ३३ व्या वर्षी, ते गेले. तेव्हा चिनी लोकांनी त्या दोन प्रश्नांना आपली उत्तरे लिहिली: ‘जमणार नाही’, ‘समजले नाही’.

१९ मार्चला पोलिसांनी ठपका मागे घेऊन कुटुंबाची क्षमा मागितली. एप्रिलमध्ये सरकारने ली यांना हुतात्मा ठरवले. मला मात्र दुसराच सन्मान मोठा वाटतो. त्यांच्या अखेरच्या लिखाणाखाली लोक लिहीतच राहिले. दहा लाखांहून अधिक निरोप जमले. कोणी ‘डॉक्टर, सुप्रभात’ म्हणतो, कोणी परीक्षेची, आजाराची, सुटलेल्या नोकरीची गोष्ट सांगतो. त्यांना आवडणारी तळलेली कोंबडीची तंगडीही कोणी शब्दांनीच पाठवून देतो. या जागेला लोकांनी ‘रडण्याची भिंत’ असे नाव दिले.

लाल वर्तुळ काढणाऱ्या आय फेन यांच्यावर त्याच वर्षी डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पुढे उजव्या डोळ्याचा पडदा सुटून त्याची दृष्टी जवळजवळ गेली. वर्षाअखेर त्यांनीही वेइबोवरच आपली तक्रार मांडली. शस्त्रक्रियेचा याच्याशी संबंध नाही, असे रुग्णालयाचे म्हणणे पडले. काल वैद्य म्हणून ज्यांचा शब्द दाबला गेला, त्यांना आज रोगी म्हणून दाद मागायला तोच दरवाजा उरला होता.

उद्याचा इतिहासकार चौकीतला तो कागद आणि भिंतीवरचे हे निरोप शेजारी शेजारी ठेवील. कागदावर एकाच माणसाचा अंगठा आहे. भिंतीवर लाखो माणसे आपण होऊन बोलली आहेत.