घरभाड्याचे कायदे आणि घरमालक

घरमालक आणि भाडेकरू यांचा कलह मुंबईकरांस नवा नाहीं. परंतु ज्या कायद्यांवरून तो वाढला, त्यांचा जन्म सद्धेतूनेंच झाला होता, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत घरबांधणी मंदावली, वस्ती वाढतच राहिली, आणि भाडीं भडकलीं. म्हणून १९१८ सालीं सरकारनें भाड्यांवर नियंत्रण घातलें. दुसऱ्या महायुद्धानें तीच अडचण पुन्हां उभी केली. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं चालूं असलेलें भाडें सामान्यतः ‘प्रमाण भाडें’ ठरविलें. बेघर होऊं घातलेल्या कुटुंबांस त्यामुळें आधार मिळाला.

परंतु संकटकाळचा हा उपाय मुदतवाढ मिळत मिळत पन्नास वर्षें टिकला. चुना, लोखंड, मजुरी यांचे दर चढले; भाडें मात्र जागचें हललें नाहीं. मालकांनीं डागडुजी सोडली, चाळी खचूं लागल्या. पागडी घेणें गुन्हा असूनही ती सर्रास चालली. अखेर १९६९ च्या कायद्यानें मुंबई बेटावरील जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीसाठीं मंडळ स्थापावें लागलें. मालकास उत्पन्न उरलें नाहीं आणि भाडेकरूस छपराची शाश्वती उरली नाहीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हें गोठविलेलें भाडें कालांतरानें अवाजवी झालें, असा निर्णय दिला.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें भाड्यांत दरसाल शेंकडा ४ वाढ मान्य केली. तथापि मालकावर बंधनेंही आहेत. थकबाकीकरितां जागा परत मागण्याचा दावा लावण्यापूर्वीं ९० दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. भाडेकरूचें पाणी वा वीज विनाकारण तोडतां येत नाहीं. भाड्याची पावती देणें भाग आहे. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारीही मालकाचीच. त्यांत कसूर झाल्यास शिक्षा आहे, आणि अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरलें जातें.

तेव्हां घरमालकांनीं तोंडी शब्दावर विसंबूं नये. जुन्या कायद्यानें मालकास नाडलें हें खरें. पण आज नोंदविलेला करार हाच त्याचा भक्कम आधार आहे, आणि भाडेकरूसही तोच तितकाच उपयोगी आहे.