कुलपाचा भाडेपट्टा

आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. या दुसऱ्या संगणकाची हार्ड डिस्क ही वस्तुतः पहिल्याच्या साठ्यातील एक भलीमोठी फाइल असते, आणि नेटवर्कवरील फाइलींना कुलूप लावण्याच्या तंत्राची कुळकथा याच वस्तुस्थितीपाशी येऊन गुंतागुंतीची होते. साधे पत्र दोघांनी एकाच वेळी बदलले तर एकाच्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि नुकसान तेवढ्यावर थांबते. परंतु जिच्यात अख्खी फाइलप्रणाली नांदते अशा फाइलीत दोन आभासी यंत्रे एकदम लिहू लागली, तर मोकळ्या जागेचा हिशेब प्रत्येक यंत्र आपापल्या स्मृतीत ठेवत असल्यामुळे दोघेही तीच जागा रिकामी समजून वापरतात आणि थोड्याच वेळात दोघांचाही संसार उघड्यावर येतो.

कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’मधील वर्णांची अदलाबदल होऊन मराठीत रुळला, आणि लोखंडी कुलपाच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे: किल्ली नसलेल्याला ते अडवते. फाइलीचे कुलूप मात्र बहुधा कोणालाच अडवत नाही. युनिक्सच्या परंपरेत ते सल्लावजा असते, म्हणजे ही फाइल सध्या अमक्याच्या ताब्यात आहे अशी ती केवळ नोंद असते, आणि जो कार्यक्रम ही नोंद पाहण्याची तसदी घेत नाही तो बेधडक आत शिरू शकतो. सक्तीचे कुलूपही काही काळ अस्तित्वात होते, पण ते इतके तकलादू ठरले की लिनक्सने २०२१ साली आपल्या ५.१५ या आवृत्तीतून ते काढूनच टाकले. या तंत्रातील कुलपाचे नाते त्यामुळे लोखंडापेक्षा दिलेल्या शब्दाशी अधिक जवळचे आहे, आणि शब्द देणाराच नाहीसा झाला तर त्या शब्दाचे काय करायचे, हा प्रश्न या कुळाच्या प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला.

पहिल्या पिढीला तो फारसा जाचला नाही. आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालत, प्रत्येकाला खऱ्या डिस्कचा एक तुकडा ‘मिनीडिस्क’ म्हणून मिळे, आणि दुसऱ्याची मिनीडिस्क जोडून घेताना ती कोणत्या बोलीवर हवी हे सांगावे लागे. कोणी लिहीत नसेल तरच वाचायला द्या, कोणी लिहीत असले तरी वाचायला द्या, दुसरे कोणी जोडलेलेच नसेल तर लिहायला द्या, आणि अखेरीस, कोणी काहीही करत असो, लिहायला द्याच: या साऱ्या बोलींना एका-दोन अक्षरांची संकेतनामे होती. नियंत्रण करणारा कार्यक्रम एकच असल्यामुळे कोण जिवंत आहे आणि कोण गेला हे त्याला परस्पर कळे. गावाची सगळी घरे एकाच पाटलाच्या नजरेत असावीत तशी ही व्यवस्था होती; साठा एका यंत्रात आणि वापरणारे दुसऱ्या यंत्रांत गेले तेव्हा ती मोडली.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेल्या नेटवर्क फाइल सिस्टिमने, म्हणजे एनएफएसने, ही फारकत सर्वदूर नेली. तिच्या रचनेत एक हुशारीचा निर्णय होता: साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरने ग्राहक-यंत्रांविषयी काहीही लक्षात ठेवायचे नाही. प्रत्येक मागणी स्वयंपूर्ण असायची, त्यामुळे सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी ग्राहकाने तीच मागणी परत पाठवली की काम पुढे चाले. पण कुलूप ही तर मुळातच लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे! म्हणून कुलपांचा कारभार एनएफएसच्या बाहेर, यंत्रांमधील संवादाच्या एका स्वतंत्र संकेताकडे सोपवावा लागला, आणि कोणते यंत्र कोसळून पुन्हा उठले हे कळवण्यासाठी त्याच्या जोडीला आणखी एक कार्यक्रम नेमावा लागला. ग्राहक-यंत्र पुन्हा सुरू झाले तर ते निरोप पाठवून आपली जुनी कुलपे सोडवून घेई. ते कायमचे जळून गेले तर निरोप कोणी पाठवायचा, याला या व्यवस्थेत सरळ उत्तर नव्हते.

या कारभारावर विसंबण्यापेक्षा पुष्कळ कार्यक्रमकारांनी आडवाट धरली. कुलूप मागायचे नाही, कुलूप नावाची एक फाइलच तयार करायची, आणि ती आधीपासून असेल तर थांबायचे. मात्र एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘नसेल तरच तयार कर’ ही आज्ञासुद्धा अखंडपणे, म्हणजे मध्येच दुसरे कोणी न शिरता, पार पडत नसे, म्हणून आधी एका वेगळ्या नावाची फाइल करून, तिला कुलपाचे दुसरे नाव जोडून, तिच्या नावांची संख्या दोन झाली का हे तपासण्याची युक्ती निघाली. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती आज्ञा खात्रीची झाली, तरी कुलूप-फाइलींची सवय सुटली नाही.

१९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये या आडवाटेला एक घरंदाज वळण मिळाले. तिच्या खुल्या केलेल्या संहितेत फाइल-कुलपाची पद्धत संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या ‘बेकरी’ रीतीवर आधारल्याचे नमूद आहे. १९७४ साली मांडलेल्या या रीतीची मूळ कल्पना बेकरीतील रांगेची होती, आणि दवाखान्यात नंबर लावून बसणाऱ्या मराठी माणसाला ती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही: येणाऱ्याने आधीच्या सर्वांपेक्षा मोठा क्रमांक घ्यायचा आणि सर्वांत लहान क्रमांकवाल्याने आत जायचे. तिचे खरे सामर्थ्य असे की खालच्या थराने कोणतीही अखंड क्रिया पुरवावी अशी तिची अटच नसते, आणि जिथे साठा कोणत्या जातीचा आहे हे आधी ठाऊक नसते तिथे हीच गोष्ट सोन्याहून मोलाची ठरते. डिस्कच्या फाइलीशेजारी ‘एलसीके’ अक्षरांनी संपणारे एक फोल्डर तयार होते, आणि प्रत्येक दावेदार त्यात आपले यंत्र, प्रक्रिया आणि क्रमांक यांची चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठी याच यंत्रावरील मृत प्रक्रियेची असेल तर ती फेकून देता येते. दुसऱ्या यंत्राची असेल तर तिचा मालक हयात आहे की नाही हे इथून कळत नाही, आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहतो.

त्याचे उत्तर ‘भाडेपट्टा’ या कल्पनेत होते, आणि ती समजून घेण्यासाठी ठाण्याची वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत फार सोयीची आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत, याच वसाहतीत झाली. महामंडळ भूखंड विकत नाही. ते ९५ वर्षांच्या पट्ट्याने देते. मालकी महामंडळाची, ताबा कारखानदाराचा, आणि हस्तांतर करायचे तर महामंडळाची परवानगी. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या इथल्या रस्त्यांवर कारखान्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांखालच्या जमिनीचे नाते पट्ट्याचेच आहे. केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८९ साली फाइलींच्या बाबतीत हाच व्यवहार सुचवला: हक्क कायमचा द्यायचा नाही, मुदतीने द्यायचा, घेणाऱ्याने मुदतीच्या आत नूतनीकरण करायचे, आणि ते झाले नाही तर त्याला शोधत न बसता हक्क परत घ्यायचा. डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने कुलपे मूळ संकेतात सामावून घेतली आणि त्यांना अशी मुदत घातली. लिनक्सच्या सर्व्हरवर ती सहसा ९० सेकंदांची असते. एकीकडे ९५ वर्षे आणि दुसरीकडे ९० सेकंद, पण कराराची बांधणी तीच.

व्हीएमवेअरच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरने मात्र एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर राहूनच स्वतःचा पट्टा तयार केला. आभासी यंत्रे चालवणारा खरा संगणक, म्हणजे यजमान, एक लपलेली कुलूप-फाइल ठेवतो आणि मुळात ठरवून दिल्याप्रमाणे दर १० सेकंदांनी तिच्यात आपल्या जिवंतपणाची खूण बदलतो. तीन खुणा चुकल्या आणि वर ५ सेकंद गेले, म्हणजे ३५ सेकंद झाले, की दुसरा यजमान ते कुलूप मोडून आभासी यंत्र आपल्याकडे सुरू करू शकतो. एक यजमान कोसळल्यावर त्याची यंत्रे दुसऱ्याने आपोआप उचलावीत, हे ज्या सॉफ्टवेअरचे मुख्य आश्वासन, त्याला मेलेल्याच्या निरोपाची वाट पाहणारे जुने कुलूप परवडणारे नव्हते, हे लक्षात घेतले की ही निवड हेकट वाटत नाही.

पट्ट्याचीही एक खोड आहे. यजमान मेलेला नसून नुसता गोठलेला असेल, तर मुदत टळल्याचे भान नसतानाच तो जागा होतो आणि हाती राहिलेले लेखन पूर्ण करतो. रेड हॅट कंपनीच्या ‘सॅनलॉक’ या कुलूप सांभाळणाऱ्या कार्यक्रमाने यावर कठोर उपाय योजला: नूतनीकरण जमले नाही तर यंत्रातील पहारेकरी घड्याळ तो यजमानच बंद करून पुन्हा सुरू करते. हक्क गमावलेल्याने लिहू नये याची हमी त्याच्या सद्बुद्धीवर न सोडणारी ही रीत या कुळातील कदाचित सर्वांत प्रामाणिक.

फॅब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेल्या क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्क-फाइलीला आपोआप कुलूप लागण्याची सोय आली ती ऑगस्ट २०१७ मधील २.१० या आवृत्तीत. हा विलंब निष्काळजीपणाचा नव्हता. युनिक्सच्या प्रमाणित कुलपात एक विचित्र दोष होता: एकाच कार्यक्रमाने तीच फाइल दोनदा उघडून त्यांपैकी एक उघडणे बंद केले, तरी त्याची सारी कुलपे निखळून पडत. हा दोष नसलेली कुलपे लिनक्समध्ये २०१४ साली, ३.१५ या आवृत्तीत आली, आणि क्यूईएमयूने त्यांचाच आधार घेतला. शिवाय फाइलीच्या शंभराव्या आणि दोनशेव्या बाइटपासूनची स्थाने नुसती खुणेसाठी वापरून, मला काय करायचे आहे आणि इतरांना मी काय करू देईन, अशा दोन वेगळ्या नोंदी त्याने ठेवल्या. व्हीएम/३७० च्या अक्षरी बोली पंचेचाळीस वर्षांनी अशा परत आल्या.

कुळाच्या दोन शाखांची एकमेकींना ओळख नसल्याचा धोका मात्र शिल्लक आहे. व्हीएमवेअरने २०१५ साली एनएफएसच्या ४.१ आवृत्तीची सोय दिली तेव्हाच स्पष्ट बजावले की एकच साठा एका यजमानावर तिसऱ्या आणि दुसऱ्यावर ४.१ आवृत्तीने जोडू नये. कारण एकाचे कुलूप लपलेल्या फाइलीत असते, दुसऱ्याचे सर्व्हरच्या नोंदीत, आणि दोघेही दार उघडेच आहे असे समजून आत येतात.