नातीच्या मालिका



बर्‍याच दिवसांनी लिहिते आहे. निमित्त आमची नात. दिवाळीच्या सुट्टीत आली आणि मोबाइलमध्ये डोके खुपसून बसली. "काय बघतेस गं एवढं?" विचारले तर म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं. दोन मुलग्यांच्या प्रेमाची सिरियल आहे, थायलंडची." आता जन्म मास्तरकीत गेलेल्या बाईला 'तुला नाही कळायचं' म्हटले की संपलेच! तिच्याच शेजारी बसून, खालची इंग्रजी अक्षरे वाचत, मी चार-पाच मालिका पाहिल्या. मग इतिहासाच्या शिक्षिकेची जुनी खोड, हे सुरू कुठून झाले ते शोधत बसले.

मूळ निघाले जपानमध्ये, आणि तेही बायकांच्या हातून. शोवा २४ म्हणजे आपले १९४९ साल. त्या सुमारास जन्मलेल्या काही चित्रकथाकार लेखिकांना तिकडे 'चोविसाव्या सालचा गट' म्हणतात. (माझा जन्मही त्याच सालचा, म्हणून जास्तच जवळीक वाटली.) यातल्या मोतो हागिओ यांची 'थॉमसचे हृदय' ही चित्रकथा १९७४ मध्ये मुलींच्या एका साप्ताहिकात आली. ती घडते जर्मनीतल्या मुलग्यांच्या वसतिगृहात. केइको ताकेमिया यांची 'वारा आणि झाडांचे गाणे' १९७६ पासून आली. ती फ्रान्समधल्या शाळेची. या कथेसाठी प्रकाशक तयार होईपर्यंत त्यांना कित्येक वर्षे थांबावे लागले. याच बाई पुढे २०१४ मध्ये क्योटोच्या एका विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या!

लेखिका बायका, वाचक मुली, मग नायक दोन मुलगेच का? मला कळले ते असे. मुलगी नायिका असली की ती वाट बघणार, सोसणार, शेवटी लग्न करून संसाराला लागणार, हे ठरलेले. दोघेही मुलगे असले की कोण वर, कोण खाली हे आधीपासून ठरलेले नसते. त्या आडोशाने मुलींना प्रेमाबद्दल मोकळेपणी विचार करता आला. मी १९७४ मध्ये नुकती नोकरीला लागले होते आणि कादंबर्‍यांतल्या नायिकांबरोबर रडत होते. असा आडोसा आम्हाला सुचलाच नाही.

पुढे हे लेखन देशोदेशी गेले. थायलंडमध्ये या मालिकांना 'वाय' म्हणतात. जपानी 'याओइ' या शब्दातला तो वाय. इंटरनेटवरच्या कादंबरीवरून केलेली 'लव्ह सिक' ही मालिका तिथे २०१४ मध्ये आली. २०२० मध्ये सगळे जग घरात कोंडलेले असताना 'टुगेदर' आली आणि यूट्यूबवरून देशोदेशीच्या घरांत शिरली.

आता गुणदोष. शिक्षिका आहे, गुण आधी सांगते.

पहिला गुण म्हणजे हळुवारपणा. पुरुष रडतात, लाजतात, एकमेकांची माफी मागतात. जपानच्या 'चेरी मॅजिक' (२०२०) मध्ये एका लाजाळू कारकुनाला, ज्याला हात लागेल त्याच्या मनातले ऐकू येऊ लागते. सहकार्‍याचे आपल्यावर प्रेम आहे हे त्याला तसे कळते. पण तो सहकारी मनातल्या मनातसुद्धा किती अदबीने वागतो! दुसरा गुण, शेवट बहुधा गोड. असे प्रेम दाखवायचे तर कुणीतरी मेलेच पाहिजे, हा जुना दंडक त्यांनी मोडला.

दोषही त्याच मुळातून आलेले. दुसर्‍याचे आयुष्य आपल्या आडोशासाठी वापरले, की त्याचे खरे दुःख नजरेआड होते. पुष्कळ थाई मालिकांत नायक म्हणतो, मला पुरुष आवडत नाहीत, फक्त हाच आवडतो. म्हणजे प्रेम हवे, पण ओळख नको! बायका बहुतेक वेळा खाष्ट किंवा मत्सरी. कधी कधी जबरदस्तीलाच प्रेम म्हटलेले. शिवाय दोन नटांची जोडी पडद्याबाहेरही विकतात, आणि त्यातल्या एकाला मैत्रीण असल्याचे कळले की चाहते रागावतात. याला काय म्हणावे? पण सुधारणाही दिसते. २०२१ च्या 'बॅड बडी'त वैर असलेल्या शेजारच्या घरांतली दोन मुले आहेत, आणि त्यात मुलीही माणसांसारख्या वागतात.

चीनची तर्‍हा वेगळी. तिथे २०१६ मध्ये 'अ‍ॅडिक्टेड' शेवटचे भाग यायच्या आधीच उतरवली. २०१९ च्या 'द अनटेम्ड'मध्ये कादंबरीतल्या प्रेमाची मैत्री करून टाकली. तरी सोळा वर्षांनी परतलेल्या मित्राला दुसरा बासरीच्या सुरावरून ओळखतो, तेव्हा न बोललेले सगळे कळते. सप्टेंबर २०२१ मध्ये 'बायकी' पुरुष पडद्यावर नकोत असा सरकारी हुकूम निघाला आणि कित्येक मालिका डब्यात गेल्या.

मला सर्वांत भावली ती जपानी 'काल काय जेवलास?' (२०१९). चाळिशी ओलांडलेला वकील आणि त्याच्याबरोबर राहणारा केशकर्तनकार. वकीलसाहेब वेळेवर घरी येतात, स्वस्तातली भाजी शोधतात, स्वयंपाक करतात. बास! २०२१ मध्ये त्यावर चित्रपट आला. त्यात वकिलाचे आईवडील जोडीदाराला नववर्षाला घरी आणू नकोस म्हणतात. वाईट माणसे नाहीत हो ती. पण एवढेच त्यांना झेपत नाही.

तिथे मी थांबले. माझा एक जुना विद्यार्थी दर गुरुपौर्णिमेला येतो. त्याचा मित्र खाली गाडीपाशी उभा असतो. मी दर वर्षी विचारते, "लग्न कधी करतोस रे?" तो हसतो, पाया पडतो आणि जातो. शाळेत त्याला मुले चिडवायची तेव्हाही मी 'लक्ष देऊ नकोस' एवढेच म्हटले होते. तो मित्र त्याचा कोण, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही. पण इतकी वर्षे त्या मुलाला वर चहाला बोलावले नाही, ही चूक माझीच.

तैवानने २०१९ मध्ये आणि थायलंडने जानेवारी २०२५ मध्ये अशा जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. आपल्याकडे २०१८ मध्ये गुन्ह्याचा शिक्का गेला, पण लग्नाला मान्यता द्यायला २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. या मालिका बहुधा कॉलेजात सुरू होतात आणि होकारावर संपतात. आजारपणात सही कुणी करायची, सणाला कुणाच्या घरी जायचे, हे प्रश्न त्यानंतरचे. कायद्याचे कायदा बघेल. सणाचे तर आपल्या हातात आहे ना?

परवा त्याला फोन केला. म्हटले, "या वेळी दोघं वर या, जेवूनच जा." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "बाई, काय करणार आहात?"

"पुरणपोळी," म्हटले.

असो. नात म्हणते, आजी, आता कोरियाच्या बघूया. बघू.